पहिल्या रांगेतली दोन बोटं

शटर पडतं तेव्हा आधी पत्र्याची खडखड होते, मग जमिनीवर एक दणका बसतो आणि मग एकदम शांतता. चाळीसेक वर्षांपूर्वी गिरणीजवळच्या नाक्यावर मी तो आवाज ऐकला. आतल्या बाजूने ऐकला, हे लक्षात ठेवा. दणक्यानंतर बाहेरून पत्र्यावर हाताच्या थापा पडल्या. त्या थापांचं शेवटी सांगतो. आधी चहा घ्या, गार होतोय.

माझ्या हातून जे झालं त्याला मूर्खपणा म्हणावं, तर मूर्ख माणसं भांडायला येतील. तुम्ही हसा. मी नाही रागावणार. माझं रागावून झालंय.

तुम्ही मला ओळखता. सातवी झालेला माणूस. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कापड काढायचो, गिरणी गेल्यावर साकीनाक्याला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झालो. आयुष्यभर हळू बोललो. राग आला की लोकांचा आवाज चढतो, माझा उतरतो. आमची सून स्मिता म्हणते, बाबांचं बोलणं ऐकू येईनासं झालं की समजायचं, फार चिडलेत. तर हा सगळा महिना घरात माझं बोलणं कोणालाच नीट ऐकू आलेलं नाही.

स्मिताची मुलगी जुई, माझी नात, परदेशात शिकते. चित्रकलेचंच शिक्षण. ती दर रविवारी मोबाइलवर चित्रांची गोष्ट टाकते. कॉमिक म्हणतात त्याला. चार चौकटी, कधी सहा. आठवडा कसा गेला ते त्यात असतं, आणि तिकडे जे आंदोलन चाललंय तेही असतं. तिथल्या सरकारने नवा कायदा काढलाय. परवानगीशिवाय चौकात जमायचं नाही, बोर्ड धरायचा नाही, पोलीस हला म्हणाले की हलायचं. म्हणून तिथली पोरं दर शनिवारी मुद्दाम चौकात जाऊन उभी राहतात. दगड नाही, घोषणा नाही. नुसती उभी.

हे ऐकलं तेव्हाच माझा आवाज उतरला. माणसं नुसती उभी राहिली म्हणून ज्याचा थरकाप होतो ते सरकार कसलं? ते छपरावरचं प्लॅस्टिक. वारा आला की फडफडतं आणि आवाज मात्र केवढा. मग ते इकडचं असो की तिकडचं.

जुईने त्या कॉमिकवर आपलं नाव घातलेलं नव्हतं. स्मिताने मला बजावून ठेवलं होतं. "बाबा, कट्ट्यावर बोलू नका हं. बाहेरच्या देशातली मुलगी आंदोलनात आहे असं कळलं तर पहिलं तिला परत पाठवतील. शिक्षण संपलं मग तिचं." मी म्हटलं, मी कशाला बोलतोय? मी कधी बोलतो का?

आता बघा. जुई कॉमिकमध्ये स्वतःला काढत नाही. स्वतःच्या जागी एक म्हातारा काढते. ती सायकलवरून कॉलेजला गेली की चित्रात म्हातारा सायकलवर. तिने भात करपवला की म्हाताऱ्याने करपवला. मला वाटायचं, असेल कोणी तिथला शेजारी. एका रविवारी चष्मा लावून नीट बघितलं. लांब कान. डोक्यावर माकडटोपी. काखेत छत्री. आणि डाव्या हाताची शेवटची दोन बोटं वाकडी.

अहो, तो मी होतो!

मला न विचारता? आणि त्या चित्रातल्या मला काय काय सोसावं लागत होतं म्हणून सांगू. माझी सायकल चोरीला गेली. माझी दाढ ठणकत होती आणि तिथल्या दाताच्या डॉक्टरची वेळ मिळत नव्हती. घरमालकीण मला म्हणाली, तुमच्या फोडणीचा वास येतो, हिंग घालू नका. पंच्याहत्तरीच्या माणसाला हिंग घालू नका म्हणून ताकीद, आणि ती जगातल्या हजारो लोकांनी वाचली. मी त्या दिवशी दुपारी स्मिताला आमटीत मुद्दाम दुप्पट हिंग घालायला लावला. सगळे निमूटपणे जेवले.

मग शेवटची चौकट आली. म्हातारा चौकात, समोर पोलिसांची रांग. स्मिताने त्याच्या तोंडचं इंग्रजी मला मराठीत सांगितलं. म्हातारा म्हणत होता, "मला भीती घालू नका. आमच्या गिरणीच्या मोर्चात मी पहिल्या रांगेत होतो. ही दोन बोटं लाठीने मोडली, पण हात खाली घेतला नाही."

मी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसलो.

कारण ती बोटं लाठीने मोडलेली नाहीत.

मोर्चा होता खरा. मी त्यात होतो, हेही खरं. पण बाराव्या-पंधराव्या रांगेत. पुढे आरडाओरडा झाला, लाठ्या चालल्या, तसा मी उलटा पळालो आणि नाक्यावरच्या मिठाईच्या दुकानात शिरलो. दुकानदार बिचारा गल्ल्यामागे बसकण मारून बसलेला. शटर मीच ओढलं, आणि इतक्या घाईने की माझीच दोन बोटं त्याच्याखाली सापडली. दुकानदाराने बर्फ दिला, पाणी दिलं. मी थरथरतोय बघून हातावर एक पेढा ठेवला. मी तो खाल्ला. बाहेर माणसं मार खात होती आणि आत मी पेढा खात होतो.

घरी गेल्यावर बायकोने विचारलं, "लाठी बसली?" मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. तेवढ्यावर पुढची चाळीस वर्षं निघाली. आधी मी नुसता मोर्चात होतो. मग दर वर्षी एक-दोन रांगा पुढे सरकत गेलो. जुई पाच वर्षांची झाली आणि माझी बोटं धरून विचारायला लागली, आबा हे कसं झालं, तोपर्यंत मी पहिल्या रांगेत पोचलो होतो.

आणि ही गोष्ट सगळ्यात जास्त वेळा कोणी ऐकली असेल? परबाने.

परब माझ्याच खात्यातला, कणकवलीकडचा, गाववालाच म्हणा. आता मुलुंडला आमच्यापासून दोन इमारती सोडून राहतो. तो मात्र खरंच पुढे होता. गुडघ्यावर लाठी बसली, पाय कायमचा अधू झाला, तेव्हापासून काठी. तो सांगायचा, "मागे फिरलंय, त्या मिठायवाल्याच्या दुकानात शिरूक गेलंय, तर मेल्यान माझ्या तोंडार शटर ओढल्यान, आणि थंयच गुडघ्यार लाठी बसली." त्या दिवसापासून त्याने मिठाईवाल्यांच्या अख्ख्या जातीशी वैर धरलं. पोराला नोकरी लागली तेव्हा चाळीत गूळ वाटला. नातवाच्या बारशाला गूळ. पेढ्याचा बॉक्स समोर आला की मान फिरवायचा आणि त्या दुकानदाराच्या सात पिढ्या काढायचा. मी शेजारी बसून मान हलवायचो. काय करणार? एकदा तर मीही दोन शिव्या घातल्या.

थंडी पडली की हाच परब मला तेलाची बाटली आणून द्यायचा. "दत्तू, बोटां ठणकतत काय रे?" म्हणायचा. मी तेल घ्यायचो.

तर, पुढच्या रविवारी स्मिताने मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. तिथला चौक. शेकडो पोरं उभी, प्रत्येकाचा डावा हात वर, आणि शेवटची दोन बोटं वाकवलेली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमची बोटं करतायत ती."

मी मोबाइल तिच्या हातात परत दिला. इकडे एक माणूस पेढ्याच्या दुकानात लपतो काय आणि तिकडे गोरी पोरं त्याची खूण करून पोलिसांसमोर उभी राहतात काय. त्यांना कळवायचं तरी कसं, की बाबांनो, बोटं सरळ करा?

त्याच संध्याकाळी मी कट्ट्यावर गेलो. तिथे बंटीभाऊ कॅलेंडरं वाटत होता. बंटीभाऊ म्हणजे आमच्या विभागातला होतकरू पुढारी. वय तिशीचं, डोळा नगरसेवकपदावर, आणि अंगापेक्षा बॅनर मोठा. त्याच्याही मोबाइलवर तो फोटो कुठून तरी आला होता. तो सगळ्यांना दाखवत म्हणाला, "बघा ही फॉरेनची पोरं. रिकामटेकडी साली. अभ्यास सोडून बोटं वाकडी करत बसलीत." आणि हसला.

मला असा राग आला, असा राग आला, की मी काय बोललो ते कोणालाच ऐकू गेलं नाही. ते बरं होतं. पण परब म्हणाला, "गप रवा रे, दत्तू कायतरी सांगता." सगळे गप्प झाले. रस्त्यावरच्या रिक्षासुद्धा तेवढ्यात थांबल्या की काय देव जाणे. आणि त्या शांततेत मी सगळं सांगून टाकलं. रिकामटेकडी नाही ती, माझी नात त्यात आहे, ते चित्र तिचं आहे, ही बोटं माझी आहेत. तिचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, शहर सांगितलं, कॉलेज सांगितलं. पिनकोड मला पाठ नव्हता म्हणून राहिला.

बंटीभाऊचा चेहरा असा पालटला की काय सांगू. "काका, आधी सांगायचं ना यार!" म्हणत पायाच पडला. उठताना माझ्या हाताचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर बॅनर. माझा हात माणसाएवढा, बंटीभाऊचं तोंड त्याहून मोठं, आणि कोपऱ्यात जुईचा फोटो, खाली तिचं पूर्ण नाव. वर लिहिलं होतं, 'मुलुंडचे सुपुत्र, पहिल्या रांगेचे वाघ'. मी कणकवलीचा, हे एक असो. स्मिता तशीच गाऊनवर ओढणी घेऊन गेली आणि बंटीभाऊच्या पोरांना शिडी लावून बॅनर उतरवायला लावला. पण तोवर त्याचे फोटो निघाले होते. खांबावरचा बॅनर उतरवता येतो. मोबाइलवरचा कोणी उतरवायचा?

घरी येऊन ती माझ्याशी भांडली नाही. ताट वाढलं आणि म्हणाली, "जेवा." त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी जुईचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा उतरलेला, पण रडत नव्हती.

"आबा, माझं नाव फुटलं रे. सोमवारी कॉलेजने बोलावलंय."

मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

"असू दे. आता लपून तरी काय करू? या शनिवारी मी पहिल्या रांगेत उभी राहणार."

पहिल्या रांगेतल्यांना पोलीस आधी उचलतात, आणि उचललेली पोरगी बाहेरची निघाली तर तिला सरळ विमानात बसवतात, हे मला स्मिताने समजावलं होतं. मी म्हटलं, "नको गं बाय. मागे राहा."

ती म्हणाली, "तू राहिला होतास का मागे?"

आता बोला. त्याच वेळी सांगायला हवं होतं की नाही? तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर "दाढ कशी आहे?" पुढचे दोन दिवस मी तिला रोज फोन केला आणि रोज दाढेची चौकशी केली. शेवटी ती म्हणाली, आबा, दाढ काढली, आता विचारू नकोस.

शुक्रवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये बंटीभाऊने माझा सत्कार ठेवला. मी जाणार नव्हतो. पण तो म्हणाला, जुईताईंना पडद्यावर घेतोय, त्या हो म्हणाल्यात. आणि परब मला न्यायला आला. इस्त्रीचा शर्ट, धुतलेलं धोतर, केसांना तेल. मला म्हणाला, "चल रे वाघा." मी मुकाट चपला घातल्या.

हॉल भरलेला. दारातल्या टेबलावर पेढ्यांचा बॉक्स. परबाने सवयीने मान फिरवली, दुकानदाराला एक शिवी दिली आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीत जाऊन बसला. बंटीभाऊने भाषण केलं. त्याला तो कायदा कुठला, देश कुठला, काही माहीत नव्हतं, पण अन्याय हा शब्द त्याने पुष्कळ वेळा वापरला. माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. मला त्याचा राग आला, त्या सरकारचा आला, त्या घरमालकिणीचा आला. ज्याचा यायला हवा होता तो माणूस शाल पांघरून बसला होता.

मग पडद्यावर जुई दिसली. तिकडे दुपार होती. बंटीभाऊने विचारलं, "ताई, उद्या पहिल्या रांगेत ना?" ती म्हणाली, "हो." टाळ्या. सगळ्या हॉलने डावे हात वर केले आणि बोटं वाकवली. परबानेही केली, हळूच, मोठ्या मायेने. जुईनेही हात वर केला.

तिचा हात थरथरत होता.

बाकी कोणाला दिसला नसेल. मला दिसला. ती लहान असताना डॉक्टरकडे इंजेक्शन घ्यायला मीच न्यायचो. माझी हीच दोन बोटं मुठीत धरायची आणि तिची मूठ अशीच थरथरायची.

मी बंटीभाऊच्या हातातून माइक घेतला. माइकमुळे माझं बोलणं पहिल्यांदाच शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं.

"जुई," मी म्हटलं, "ही लाठी नव्हती. शटर होतं. मिठाईच्या दुकानाचं."

आणि सगळं सांगितलं. बाराव्या-पंधराव्या रांगेचं सांगितलं, पळालो ते सांगितलं, बर्फाचं सांगितलं. पेढ्याशी आलो तेव्हा मागे कोणीतरी फिस्कन हसलं, मग अख्खा हॉल हसायला लागला. बंटीभाऊ कानाशी येऊन म्हणाला, "काका, बस झालं, लाइव्ह चालू आहे." मी थांबलो नाही. चाळीस वर्षं थांबलो होतो.

पडद्यावर जुई जवळ सरकली. मग म्हणाली, "म्हणजे तू पळालास?"

"पळालो."

"घाबरलास?"

"फार."

तिने मनगटाने डोळे पुसले. "मी चार दिवस झोपले नाहीये, आबा. मला वाटायचं आपल्या घरात घाबरणारी मी एकटीच निघाले."

 तिने नाक ओढलं आणि म्हणाली, "उद्या मी मागे उभी राहते. फुटपाथवर. चित्र काढायला कोणीतरी मागे लागतंच. सोमवारचं सोमवारी बघू." आणि मग, "पण हे मी काढणार हां. पेढ्यासकट." स्मिता भिंतीला टेकून रडत होती आणि हसत होती.

मला वाटलं, झालं. सुटलो. नारळ खाली ठेवला, शाल काढायला लागलो.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून परबाने विचारलं. मोठ्याने नाही. "दत्तू. खंयच्या दुकानात?"

मी म्हटलं, "नाक्यावरच्या. हिरव्या शटराच्या."

हॉलमध्ये अजून थोडे लोक हसत होते. त्यांना काही कळलं नव्हतं.

"आत कोण होता?"

"दुकानदार. आणि मी."

"शटर कोणी ओढल्यान?"

थापांचं शेवटी सांगतो म्हटलं होतं ना? त्या दिवशी शटर पडल्यावर बाहेरून कोणी तरी दोन्ही हातांनी पत्रा बडवत होता. उघड रे, उघड, म्हणत होता. आवाज ओळखीचा होता. आमच्या खात्यातला, गावाकडचा. मी तो तेव्हाच ओळखला होता. बोटं दुखत होती, तोंडात पेढा गेला तरी थापा चालूच होत्या. मी उघडलं नाही. थोड्या वेळाने थापा बंद झाल्या.

"मी ओढलं," मी म्हटलं.

परबाने शर्ट सारखा केला. मग काठी टेकून उठला. कोणाच्या तरी पोराने हात पुढे केला, तो त्याने धरला नाही. खुर्च्यांच्या मधून काठी टक टक करत दारापर्यंत गेला. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स उघडा होता. तिथे थांबला. बॉक्सकडे नीट बघितलं. त्यातून एक पेढा उचलला, तोंडात टाकला, सावकाश चावला, बोटं धोतराला पुसली आणि निघून गेला.